थोरल्याचंही थोडं बाळंतपण

दुसरं बाळ घरी आलं की तीन वर्षांचा थोरला एकाएकी पुन्हा अंथरूण ओलं करू लागतो, बोबडं बोलतो, दूध बाटलीनंच हवं म्हणून अडून बसतो. हा वांडपणा नव्हे. या वयात हे सर्रास दिसतं आणि बहुधा काही आठवड्यांत ओसरतं. रागावलं तर उलट लांबतं.

नवजात बाळ दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा अंगावर पितं. म्हणजे आईची मांडी जवळजवळ सतत अडलेली. त्यात बाळंतविडा घेऊन आलेला पाहुणा थेट पाळण्याकडे धावतो आणि वर थोरल्याला चिडवतो, "आता तुझे लाड संपले बरं का!" ही थट्टा घरच्यांनी तिथल्या तिथे थांबवावी.

पाजताना थोरल्याला शेजारी घेऊन गोष्ट सांगता येते. दुपटं आणून द्यायला, लंगोट घडी करायला त्याला आवडतं. नाही आवडलं तर सोडून द्यावं. दिवसातली 15 मिनिटं मात्र आई फक्त त्याची, बाळ तेव्हा आजीकडे. आई बाळंतपणाला माहेरी जाणार असेल, तर माझ्या मते थोरल्याला बरोबर न्यावं, बालवाडी बुडाली तरी.

हात धुऊनच बाळाला शिवायचं, सर्दी असताना पापा नाही. दोघांना एकटं सोडू नये, मिनिटभरही.

थोरल्याला लघवी करताना दुखत असेल किंवा ताप असेल, तर मत्सर समजून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.