शीतपेटींतून पोथीपेटी

ज्या घरांत दोन-तीन पिढ्यांपूर्वीं नित्य वेदपठण अथवा पुराणवाचन होत असे, त्या घराच्या माळ्यावर आजही बहुधा तांबड्या कापडांत बांधलेलें एखादें दप्तर सांपडतें. त्यांत काय आहे हें घरांत कोणासच धड ठाऊक नसतें, पण तें टाकून देण्याचें धैर्यही कोणास होत नाहीं. अशा रीतीनें तें ना वाचलें जातें, ना सांभाळलें जातें. पावसाळ्यामागून पावसाळे जातात, आणि एके दिवशीं गांठ सोडून पाहावें तों पानांची एकजीव वीट झालेली असते. मग तें दप्तर नदींत सोडून पुष्कळ कुटुंबें मोकळीं होतात. ही वेळ येऊं नये म्हणून घरच्या घरीं, थोड्या खर्चांत काय करतां येईल, तें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

जुन्या पोथ्यांच्या शेवटीं लेखक वाचणारास विनवीत असे कीं, या ग्रंथास तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून राख. यांतील पाणी म्हणजे केवळ गळणाऱ्या कौलांतून येणारें पाणी नव्हे; तें हवेंतूनही येतें. हवा जास्तींत जास्त जितकी वाफ धारण करूं शकते, तिच्या शेंकडा किती भाग वाफ हवेंत प्रत्यक्ष आहे, या प्रमाणास सापेक्ष आर्द्रता म्हणतात. पुण्यांत एप्रिलमधील दुपारीं हें प्रमाण पुष्कळदां २० च्या आसपास उतरतें, आणि श्रावणांतील सकाळीं तें ८५ च्याही वर चढतें. कागद ओलाव्यानें फुगतो व कोरडेपणानें आकसतो. दरवर्षीं ही ओढाताण झाली म्हणजे त्याचे तंतु तुटतात. काजळ व डिंक यांची शाई दमट हवेंत चिकट होऊन पानास पान धरतें. आर्द्रता ६५-७० च्या वर बरेच दिवस राहिली कीं बुरशी धरूं लागते. तात्पर्य, पोथीचा शत्रु नुसती ओल नव्हे, नुसती शुष्कताही नव्हे; या दोहोंमधील हेलकावे हा तिचा खरा शत्रु होय.

आपल्या शहरांत १९१७ सालीं स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत मुंबई सरकारनें १८६६ पासून जमविलेला हस्तलिखितांचा संग्रह १९१८ सालीं आला. बुह्लर यांनीं १८७५ सालीं काश्मीरची यात्रा करून मिळविलेल्या पोथ्याही त्यांत आहेत. तेथील ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची नोंद २००७ सालीं युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचींत झाली. असले संग्रह मुळांत घराघरांतील दप्तरांतूनच उभे राहिले, हें विसरूं नये. संस्थेस इमारत असते व जाणते सेवक असतात. गृहस्थापाशीं एखादें फडताळच असतें. तेव्हां त्यानें काय करावें?

याचें उत्तर अगदीं अनपेक्षित ठिकाणीं सांपडलें. माझ्या भाच्याच्या घरीं द्राक्षासव थंड ठेवण्याची एक लहान शीतपेटी, म्हणजे वाइन कूलर, बिघडून पडली होती. परदेशांतील हौशी लोक असल्या पेट्यांना आंतून लाकूड लावून त्यांत सिगार ठेवतात, असें त्यानें सांगितलें. सिगार कोरडी झाली तर तिचीं पानें फुटतात, आणि फार ओली झाली तर तिला बुरशी येते. म्हणून ती ६५ ते ७० आर्द्रतेंत ठेवावी लागते. अशा पेटीस ह्युमिडॉर म्हणतात. मला तंबाखूशीं कर्तव्य नव्हतें. परंतु तिची दुखणीं व पोथीचीं दुखणीं इतकीं सारखीं पाहून, आम्हीं ती पेटी पोथ्यांच्या कामीं लावावयाचें ठरविलें.

अशी पेटी करूं इच्छिणारानें प्रथम हें ध्यानांत ठेवावें कीं, तिच्यांतील थंडी पोथीच्या उपयोगाची नाहीं. लहान शीतपेट्यांत बहुधा एक पातळ चकती असते. वीज सोडली असतां तिची एक बाजू थंड व दुसरी उष्ण होते. हा गुण फ्रेंच शास्त्रज्ञ पेल्तिए यांनीं १८३४ सालीं दाखविला. पण हवा थंड झाली म्हणजे तिची वाफ धरण्याची शक्ति घटते. ३० अंशांच्या घनमीटरभर हवेंत सुमारें ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांच्या हवेंत अवघी १७ ग्रॅम. म्हणजे ३० अंशांवर जी हवा ५० आर्द्रतेची, तीच २० अंशांवर आणली कीं ८८ ची होते, आणि आणखी थंड केली तर दंव पडूं लागतें! यास्तव विजेची तार कायमची काढावी. उरते ती जाड भिंतींची व घट्ट रबरी पट्टीच्या दाराची पेटी, आणि आपणांस तेवढीच हवी असते.

आतां लाकडाचें कार्य पाहूं. साठ लिटरांच्या पेटींतील हवेंत एक ग्रॅमभरही वाफ नसते. परंतु लाकूड ५० आर्द्रतेंत आपल्या शुष्क वजनाच्या शेंकडा ९ इतकें पाणी धरतें, व ६० आर्द्रतेंत सुमारें ११. म्हणजे आंत चार किलो लाकूड असेल, तर आर्द्रता ५० वरून ६० वर चढण्यापूर्वीं तें साठ-सत्तर ग्रॅम पाणी पोटांत घेतें, व हवा कोरडी झाली कीं परत देतें. हवा ही खिशांतील मोड, तर लाकूड ही घरची पेढी.

सिगारसाठीं तिकडे स्पॅनिश सीडर नांवाचें सुवासिक लाकूड वापरतात. नांव सीडर असलें तरी तें देवदाराच्या नव्हे, कडुनिंबाच्या कुळांतलें आहे. अमरकोशांत तुन्न व नंदीवृक्ष या नांवांनीं आलेला आपला तून त्याचाच भाऊबंद. तथापि येथें अनुकरण करूं नये. ताज्या, वासाच्या लाकडांतून निघणारी आम्ल वाफ कागदास पिवळा व ठिसूळ करते. प्लायवुडांतील सरसही वर्ज्यच. जुने वाडे पाडतांना निघालेलें, मुरलेलें, कीड नसलेलें सागवान घ्यावें. त्यास रंग किंवा पॉलिश लावूं नये.

कृति अशी. पेटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें पुसून, वास जाईपर्यंत दार उघडें ठेवून वाळवावी. तळाचें भोंक बुजवावें. पातळ फळ्या सरसाशिवाय, नुसत्या खांचांत बसवाव्या, व कप्पे पट्ट्यांचे करावे, म्हणजे हवा फिरेल. दार कांचेचें असल्यास त्यावर जाड कापड लावावें, कारण उजेडानेंही कागद पिवळा पडतो. आंत आर्द्रतामापक ठेवावा. पण आधीं त्याची परीक्षा घ्यावी. झांकणभर मीठ किंचित् ओलें करून मापकासह बंद पिशवींत रात्रभर ठेवल्यास कांटा ७५ दाखवितो. न दाखविल्यास जितका फरक तितका मनांत धरावा. पोथीसाठीं मात्र सिगारची आर्द्रता चालत नाहीं. ती ४५ ते ५५ मध्येंच ठेवावी. ६० च्या वर जाऊं लागली तर सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या, उतरली कीं काढाव्या. आमच्या पेटींत गेल्या पावसाळ्यांत असें दोनदांच करावें लागलें.

पोथी पेटींत ठेवण्यापूर्वीं सावलींत वाळवावी, मऊ कुंचल्यानें झाडावी, दोन फळ्यांमध्यें धरून धुतलेल्या सुती कापडांत बेताची आवळून बांधावी. किडींची भोंकें व ताजी भुकटी दिसेल ती पोथी वेगळी ठेवावी. तंबाखू पोखरणारा किडा पुस्तकांचे पुठ्ठेही पोखरतो. वेखंडाची पुरचुंडी ठेवण्यास हरकत नाहीं. पानांवर पिवळे पट्टे असतील तर तो हरताळ होय. चुकलेलीं अक्षरें त्यानेंच झांकीत, आणि ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार त्यावरूनच पडला. हरताळांत सोमल असतो. म्हणून बोट जिभेला लावून पान उलटण्याची आपली जुनी संवय येथें सोडावी, व मागाहून हात धुवावे.

एवढें केलें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें मात्र नव्हे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां नदीकाठच्या पेठांतील कितीतरी घरांतील ग्रंथ एका दुपारींत गेले. त्यांस कोणतीही पेटी वांचवूं शकली नसती. म्हणून प्रत्येक पानाचें छायाचित्र काढून प्रति दोन ठिकाणीं ठेवाव्या, आणि ग्रंथाचें नांव, लेखकाचें नांव, शक व पानांची संख्या यांची यादी करून ती एखाद्या जाणत्या संस्थेस दाखवावी. कदाचित् अन्यत्र न मिळणारा पाठ आपल्याच माळ्यावर पडलेला असेल. घरांतील मुलांसही यादी करतांना जवळ बसवावें. ज्यानें एकदां आपल्या पणज्याच्या हातचीं अक्षरें लावून वाचलीं, तो तें दप्तर नदींत सोडणार नाहीं.