शतपावली आणि रक्तातील साखर

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे संथ चालण्याची सवय, जी मराठी घरांत शतपावली म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, सहसा पचनाशी जोडली जाते. परंतु तिचा अधिक ठोस लाभ रक्तातील साखरेच्या नियमनात दिसतो. भात-भाकरीतील पिष्टमय पदार्थांचे आतड्यात ग्लुकोज होऊन ते रक्तात मिसळते, आणि ते स्नायूंच्या पेशींत शिरण्यासाठी एरवी इन्सुलिन, म्हणजे स्वादुपिंडातून स्रवणारे संप्रेरक, आवश्यक असते. मात्र पोटऱ्या-मांड्यांचे स्नायू आकुंचन पावू लागले की ग्लुट-४ ही ग्लुकोज वाहून नेणारी प्रथिने, जी विश्रांतीत पेशीच्या आतच राहतात, पेशीच्या आवरणावर येतात आणि इन्सुलिनची वाट न पाहता ग्लुकोज आत घेतात. टाइप-२ मधुमेहात, जिथे पेशी इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत, तिथेही हा दुसरा मार्ग बऱ्याच अंशी शाबूत असतो.

हालचालीचा लाभ साखरेपुरता मर्यादित नाही; हालचाल आणि हृदयविकार यांचा संबंध संशोधक जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसवरील कर्मचाऱ्यांच्या अभ्यासातून मांडला होता: दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांपेक्षा बसून राहणाऱ्या चालकांत हृदयविकार अधिक आढळला. चालक मुळातच स्थूल असावेत, ही शंका मॉरिस यांनीच पुढे गणवेशांच्या कंबरेची मापे तपासून पडताळली, हे त्यांच्या शास्त्रीय प्रामाणिकपणाचे द्योतक होय.

रोज दहा हजार पावलांचा आकडा मात्र अशा संशोधनातून आलेला नसून १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला.