जुन्या गोव्याची पायी यात्रा : हिवाळ्यातील चालणे आणि त्याची पूर्वतयारी



भातकापणी आटोपत आली आणि पहाटे अंगणात शेकोटी पेटू लागली, की आपल्या घराघरांतून एक विषय हमखास निघतो. तो म्हणजे जुन्या गोव्याच्या यात्रेचा. २४ नोव्हेंबरला संत फ्रान्सिस झेवियर यांची नोव्हेना सुरू होते आणि ३ डिसेंबरला फेस्त असते. बेळगाव, खानापूर, सावंतवाडी, कारवार अशा अनेक भागांतून भाविक या दिवसांत पायी निघतात. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी या वाटेने गेल्यास चाल शंभर किलोमीटरच्या आसपास भरते.

यात्रेच्या भक्तीविषयी आपले धर्मगुरू सांगतातच. या पानावर आपण बोलणार आहोत ते यात्रेकरूच्या शरीराविषयी.

"आम्ही जन्माचे शेतकरी, आम्हाला चालायची तयारी कसली?" असे पुष्कळजण म्हणतात. येथेच गफलत होते. शेतातले काम कष्टाचे असले तरी ते थांबून थांबून होते. कधी वाकायचे, कधी उचलायचे, कधी बांधावर टेकायचे. पायाखाली मऊ माती. यात्रेत मात्र कठीण डांबरावर एकाच तऱ्हेचे पाऊल पुन्हा पुन्हा पडते. शंभर किलोमीटर म्हणजे सव्वा लाखाहून अधिक पावले! त्यासाठी टाच, घोटा, गुडघा आणि मांडी यांना वेगळी सवय लागते, आणि ती चार दिवसांत येत नाही.

चालण्याचे फायदे

भरभर चालताना हृदयाला व्यायाम होतो. पोटरीचे स्नायू आवळतात आणि सैल पडतात, त्यामुळे पायांतले रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते. पायांचे मोठे स्नायू रक्तातील साखर वापरतात, म्हणून नियमित चालणाऱ्याची साखर आटोक्यात राहण्यास मदत होते. रक्तदाब उतरण्यासही हातभार लागतो. लावणी-कापणीत वाकून वाकून धरलेली पाठ ताठ चालण्याने मोकळी होते. रात्री झोप लागते आणि मनावरचे ओझे हलके होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांना आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला आहे. आपल्या हवेत त्याची सुरुवात करायला थंडीच्या दिवसांइतका चांगला काळ नाही.

स्वतः संत फ्रान्सिस झेवियर हिवाळ्यात चालले होते. १५५० च्या डिसेंबरात ते जपानमधील यामागुचीहून मियाकोकडे, म्हणजे आजच्या क्योतोकडे निघाले. काही वाट समुद्राची, काही बर्फातून पायी. जानेवारी १५५१ मध्ये ते तेथे पोहोचले. आपली वाट त्यामानाने सोपी असली तरी तिची थट्टा करू नये.

सहा आठवड्यांची तयारी

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुरुवात करावी. पहिल्या आठवड्यात पाच दिवस रोज तीन किलोमीटर चालावे. रविवारी मिस्सानंतर एक लांबची चाल ठेवावी. पहिल्या रविवारी पाच किलोमीटर, मग सात, दहा, तेरा आणि पाचव्या रविवारी सोळा. शेवटच्या आठवड्यात चाल कमी करून पायांना विसावा द्यावा. हे दिवस नेमके कापणी-मळणीचे असतात. तेव्हा रोजची चाल पहाटे उरकावी आणि अंगमेहनत फार झाली त्या दिवशी सुट्टी घ्यावी.

वेग किती ठेवावा? चालता चालता जपमाळेची प्रार्थना मोठ्याने म्हणता आली, पण गाणे म्हणायला दम पुरेना, तर वेग बरोबर आहे असे समजावे. प्रार्थनेचे शब्द तुटू लागले तर पाऊल आवरावे.

चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. चालताना छातीत दाब वाटला, कळ हातात वा जबड्यात गेली, किंवा विश्रांती घेऊनही धाप कमी होईना, तर तेथेच थांबून तातडीने डॉक्टरांकडे जावे. ते दुखणे अंगावर काढणे ही भक्ती नव्हे.

पाय आणि पादत्राणे

पावसाळाभर चिखलात राहिलेल्या पायांना चिखल्या आणि टाचांच्या भेगा असतात. त्या आताच बऱ्या करून घ्याव्यात. पाय रोज धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि भेगांना रात्री व्हॅसलीन लावावे. नखे सरळ रेषेत कापावीत.

बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. पुढे अंगठ्याएवढी जागा मोकळी असावी. नवे बूट घालून यात्रेला कधीच निघू नये. लांबच्या दोन-तीन चालींत ते पायाला बसू द्यावेत. मोज्यांचे तीन जोड घ्यावेत आणि ओले झाले की लगेच बदलावेत. फोड आला तर फोडू नये. स्वच्छ पट्टी बांधावी.

अनवाणी चालण्याच्या नवसाविषयी येथे स्पष्ट बोलणे भाग आहे. बरीच वर्षे मधुमेह असलेल्या माणसाच्या पायांची संवेदना पुष्कळदा कमी होते. काटा रुतला किंवा डांबराने तळवा भाजला तरी त्याला कळत नाही. जखम चिघळते, आणि कधी कधी बोट वा पाय कापण्याची पाळी येते. अशा माणसाने अनवाणी चालूच नये. बूट घालूनही रोज रात्री घरच्या कोणाकडून तळवे तपासून घ्यावेत.

"पण नवस बोललो आहे, आता काय करू?" असे कोणी विचारील. त्यालाही वाट आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार (नियम ११९६ व ११९७) खाजगी नवसातून योग्य कारणास्तव सूट देण्याचा आणि तो अधिक सोप्या कृत्यात बदलून देण्याचा अधिकार धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना आहे. त्यांच्याकडे जाऊन मनमोकळेपणे बोलावे. मन खात असताना गुपचूप पाय गमावण्यापेक्षा हे शतपटीने बरे.

खाणे, पाणी, घाट आणि रान

या वाटेवर दोन हवामाने भेटतात. कणकुंबीच्या बाजूला पहाटे अंग काकडते, तर घाट उतरून गोव्यात आल्यावर दुपारी पारा ३२-३३ अंशांपर्यंत चढतो. म्हणून एकच जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. ते ऊन वाढेल तसे काढता येतात. टोपी किंवा पंचा डोक्यावर असावा. पहाटे लवकर निघावे आणि अकरा ते तीन सावलीत थांबावे.

थंडीत तहान कमी लागते, तरी पाणी थोडे थोडे पीत राहावे. घाम फार गेला तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा घालून ते पाणी प्यावे; चमचा चहाचा घ्यावा. गूळ-शेंगदाणे, नाचणीची भाकरी, केळी हे वाटेवरचे उत्तम अन्न. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी चालण्याच्या दिवसांतील मात्रा डॉक्टरांना आधी विचारून घ्यावी आणि खिशात साखर ठेवावी. हातपाय थरथरले, गार घाम सुटला, अंधारी आली तर लगेच तीन चमचे साखर खावी.

घाट चढण्यापेक्षा उतरणे गुडघ्यांना अधिक जड जाते. लहान पावले टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत आणि हाती काठी घ्यावी. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे, एकामागे एक चालावे. अंधारात व धुक्यात पांढरे कपडे आणि विजेरी हवीच.

रानातून जाताना गोचिडांपासून जपावे. गोचिडांमुळे पसरणारा माकडताप १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. पुढे २०१५ मध्ये सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्गातही त्याचे रुग्ण आढळले. पावसाळ्यानंतर, विशेषतः डिसेंबर ते मे, त्याचा धोका असतो. पाचोळ्यावर बसू वा झोपू नये, अंग झाकलेले असावे, मुक्कामी पोहोचताच अंग तपासावे. मेलेल्या माकडाला हात लावू नये. परतल्यावर जोराचा ताप आणि अंगदुखी सुरू झाली, तर रानातून आल्याचे डॉक्टरांना सांगावे.

घरची व्यवस्था

मागे शेताची चिंता असेल तर पाऊल पुढे पडत नाही. मळलेले भात वाळवून कोरड्या जागी ठेवावे. ओलीवरचा मसूर किंवा हरभरा पेरायचा असेल तर ती पेरणी यात्रेसाठी लांबवू नये. ओल उडाली की उगवण बिघडते. दुभत्या जनावरांचे चारा-पाणी आणि धार ज्यांच्यावर सोपवायची त्यांना दोन दिवस आधी सोबत घेऊन सवय करून द्यावी. यंदा शेजाऱ्याने आपली म्हैस सांभाळली, तर पुढच्या वर्षी आपण त्याची सांभाळावी. हीदेखील यात्राच आहे.

शेवटी एक विनंती. ३ डिसेंबरच्या मिस्सानंतर बूट माळ्यावर टाकू नका. सहा आठवडे कमावलेला दम थोड्याच दिवसांत ओसरतो. आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास चालले तरी १५० मिनिटे पुरी होतात. घरातल्या मंडळींनाही बरोबर घ्या, विशेषतः दिवसभर राबूनही स्वतःसाठी वेळ न काढणाऱ्या गृहिणींना. संतांच्या चरणी गेलेले पाय निरोगी राहोत आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच वाटेला लागोत, हीच प्रभूचरणी प्रार्थना.