मतदानाला पन्नास दिवस उरले असताना

१५ सप्टेंबर २००८च्या पहाटे न्यूयॉर्कमधील लेमन ब्रदर्स या १५८ वर्षे जुन्या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. तिच्या ताळेबंदात ६३,९०० कोटी डॉलरची मालमत्ता होती आणि कर्जाचा आकडा त्याच्या जवळपास पोहोचलेला होता. अमेरिकेच्या इतिहासात एवढी मोठी दिवाळखोरी झाली नव्हती. त्याच दिवशी मेरिल लिंच ही तितकीच नामांकित पेढी बँक ऑफ अमेरिकेने विकत घेतल्याचे जाहीर झाले. दुसऱ्या दिवशी एआयजी ही विमा कंपनी बुडू नये म्हणून मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने, तिला ८,५०० कोटी डॉलरचे कर्ज देऊ केले. लेमनचे बरेचसे कार्यालयीन काम मुंबईत पवईला चालत असे, त्यामुळे ही बातमी तेथील कर्मचाऱ्यांच्या घरीही थेट पोहोचली. पुढे ते कार्यालय जपानच्या नोमुरा कंपनीने घेतले. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानाला त्या दिवशी पन्नास दिवस उरले होते.

अमेरिकेत मतदानाची तारीख कायद्यानेच बांधलेली आहे: नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. भारतात सरकारने बहुमत गमावले तर ते पडते आणि निवडणूक आधी होऊ शकते. अमेरिकेत अविश्वासाचा ठराव नाही, मुदतपूर्व निवडणूकही नाही. संकट मतदानाच्या दोन वर्षे आधी आले तर राग निवळायला वेळ मिळतो, पन्नास दिवस आधी आले तर तो थेट मतपेटीत जातो. २००८मध्ये यात आणखी एक पेच होता. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांचे दोन कार्यकाळ पुरे होत आले होते आणि घटनेच्या २२व्या दुरुस्तीनुसार त्यांना पुन्हा उभे राहता येत नव्हते. उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनीही उमेदवार नव्हते. ज्यांच्यावर लोकांचा राग होता त्यांचे नावच मतपत्रिकेवर नसल्याने तो राग त्यांच्या रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार जॉन मॅकेन यांच्या वाट्याला आला.

ही रीत जुनी आहे. १८३७च्या बँकसंकटाची किंमत मार्टिन व्हॅन ब्युरेन यांनी १८४०च्या निवडणुकीत मोजली. १९२९च्या शेअरबाजार कोसळण्यानंतर बेघरांनी उभारलेल्या झोपड्यांना लोकांनी राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्यावरून ‘हूव्हरव्हिल’ म्हणायला सुरुवात केली आणि १९३२मध्ये ४८पैकी ४२ राज्ये हूव्हर यांच्या विरोधात गेली.

लेमन बुडाली त्या सोमवारी मॅकेन फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे प्रचारसभेत होते. काळ कठीण आहे हे त्यांनी मान्य केले, पण अर्थव्यवस्थेचा पाया मजबूत असल्याचेही सांगितले. त्यातले दुसरे विधान तेवढे देशभर गाजले. ऑगस्टअखेरच्या आणि सप्टेंबरच्या सुरुवातीच्या पक्ष-अधिवेशनांनंतर काही पाहण्यांमध्ये ते डेमोक्रॅटिक उमेदवार बराक ओबामांच्या पुढे होते, ती आघाडी आता ओसरली. २४ सप्टेंबरला मॅकेन यांनी प्रचार स्थगित करून वॉशिंग्टनला जात असल्याचे जाहीर केले आणि पहिली वादचर्चा पुढे ढकलण्याची सूचना केली. २५ तारखेच्या व्हाइट हाऊसमधील बैठकीत तोडगा निघाला नाही आणि २६ तारखेला मिसिसिपीतील ऑक्सफर्ड येथे वादचर्चा ठरल्याप्रमाणे झाली.

दोन्ही पक्षांची आरोपपत्रे एव्हाना तयार होती. डेमोक्रॅटिक पक्षाचे म्हणणे असे की रिपब्लिकनांनी बँकांवरचे नियंत्रण सैल केले, वॉल स्ट्रीटला मोकळे रान दिले आणि हे संकट आठ वर्षांच्या त्या धोरणाचे फळ आहे. यात तथ्य होते. मॅकेन यांचे एके काळचे आर्थिक सल्लागार, टेक्सासचे माजी सिनेटर फिल ग्रॅम यांचे नाव या आरोपात सारखे येत असे, कारण ठेवीदारांची बँक आणि सट्ट्याचा धोका पत्करणारी गुंतवणूक पेढी यांच्यातली १९३३पासूनची भिंत पाडणाऱ्या १९९९च्या कायद्यावर त्यांचे नाव आहे. पण तो कायदा सिनेटमध्ये ९० विरुद्ध ८ मतांनी मंजूर झाला होता आणि त्यावर सही डेमोक्रॅट बिल क्लिंटन यांची होती. डेरिव्हेटिव्ह, म्हणजे दुसऱ्या मालमत्तेच्या किमतीवर बेतलेल्या, करारांना देखरेखीतून वगळणारा २०००चा कायदाही क्लिंटन यांच्याच कारकिर्दीतला. त्याआधी १९९८मध्ये वायदेबाजार आयोगाच्या अध्यक्ष ब्रुक्सली बॉर्न यांनी या करारांवर नियमन हवे का, एवढा प्रश्न औपचारिकपणे मांडला, तर क्लिंटन यांचे अर्थमंत्री रॉबर्ट रुबिन आणि फेडचे अध्यक्ष अॅलन ग्रीनस्पॅन या दोघांनीही त्यांना विरोध केला. बॉर्न यांचे तेव्हा ऐकले गेले असते तर अशाच करारांत अडकलेल्या एआयजीवर ती वेळ कदाचित आली नसती.

रिपब्लिकन पक्षाचे बोट फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या दोन कंपन्यांकडे होते. त्या १९३८ आणि १९७०मध्ये सरकारी पुढाकाराने स्थापन झाल्या, मालकी भागधारकांची, पण अडचण आलीच तर सरकार पाठीशी उभे राहील असे सगळ्यांनी गृहीत धरलेले. देशातील सुमारे १२ लाख कोटी डॉलरच्या गृहकर्जांपैकी ५ लाख कोटींहून अधिक कर्जे यांच्याकडे किंवा यांच्या हमीवर होती. ७ सप्टेंबर २००८ला सरकारने त्यांचा कारभार ताब्यात घेतला. त्यांच्यावर कडक देखरेखीचे प्रयत्न झाले तेव्हा बार्नी फ्रँक यांच्यासारख्या डेमोक्रॅटांनी त्यांची बाजू घेतली हे खरे आहे, आणि तशा देखरेखीच्या विधेयकाला २००६मध्ये मॅकेन यांनी पाठिंबा दिला होता हेही खरे. मात्र बुश यांनीही २००२मध्ये अल्पसंख्याक समाजांतील ५५ लाख कुटुंबांना घरमालक करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. स्वतःच्या घराचे स्वप्न दाखवण्यात दोन्ही पक्ष बरोबरीने पुढे होते.

रिपब्लिकनांच्या आरोपपत्रातले दुसरे कलम जास्त दुखावणारे होते, कारण त्याचा रोख ज्यांच्याकडे होता ते कोणत्याच पक्षाचे उमेदवार नव्हते. सरकारने बँकांना गरिबांना आणि कृष्णवर्णीयांना कर्ज द्यायला भाग पाडले आणि त्यांनी ती बुडवली, असे सांगितले जाऊ लागले. पुरावा म्हणून १९७७चा सामुदायिक पुनर्गुंतवणूक कायदा पुढे केला जाई. या कायद्यामागचा इतिहास फार वेगळा आहे. १९३०च्या दशकात सरकारी गृहकर्ज यंत्रणेने शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना लाल रंग दिला. पगार कितीही नियमित असला तरी लाल वस्तीतल्या माणसाला कर्ज मिळत नसे. बँकेने ज्या वस्तीतून ठेवी घेतल्या तिथे कर्जही द्यावे, आणि तेही सुरक्षित व्यवहाराच्या चौकटीत, एवढेच १९७७च्या कायद्याने सांगितले.

तीस वर्षांपूर्वीच्या कायद्याने २००५ची कर्जे कशी बुडवली, याचे उत्तर आरोप करणाऱ्यांना देता आले नाही. तो लागू होता फक्त ठेवी घेणाऱ्या बँकांना. कॅलिफोर्नियातील न्यू सेंच्युरीसारख्या सबप्राइम, म्हणजे पत कमी असलेल्यांना चढ्या व्याजाने कर्ज देणाऱ्या, कंपन्या ठेवी घेतच नव्हत्या, त्यामुळे त्या कायद्याच्या कक्षेबाहेर होत्या. फेडरल रिझर्व्हच्या पाहणीत असे आढळले की चढ्या व्याजाच्या कर्जांपैकी जेमतेम ६ टक्क्यांचा या कायद्याशी काही संबंध होता. शिवाय सबप्राइम कर्जांपैकी निम्म्याहून अधिक कर्जे नव्या घरासाठी नव्हतीच, ती आधीचे कर्ज बदलून घेण्यासाठी होती.

कर्जाचा खरा व्यवहार असा चाले. पहिली दोन वर्षे हप्ता कमी ठेवायचा, तिसऱ्या वर्षापासून व्याज बाजाराप्रमाणे चढायचे. कर्ज मंजूर होताच दलालाला कमिशन मिळे, आणि ग्राहकाच्या गळ्यात जास्त दराचे कर्ज मारले तर ते कमिशनही वाढे. कर्ज देणारी कंपनी ते वॉल स्ट्रीटला विकून मोकळी होई. तिथे हजारो कर्जांची मोट बांधून त्यांचे रोखे केले जात आणि पतमानांकन संस्था त्यातल्या बऱ्याच रोख्यांना सर्वोच्च दर्जा देत. साखळीतला प्रत्येक जण आपला वाटा घेऊन बाजूला होई, हप्ता फेडायला मात्र घरातले कुटुंब मागे राहत असे. घरांच्या किमती चढत होत्या तोवर हे झाकले गेले. २००६पासून किमती उतरू लागल्या. २००८ या एका वर्षात सुमारे २३ लाख घरांवर जप्तीची नोटीस लागली. कंट्रीवाइड या कर्जकंपनीने दोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक कर्जदारांकडून जादा शुल्क घेतले किंवा पात्रता असूनही त्यांना सबप्राइम कर्जाकडे वळवले, असा आरोप पुढे न्याय खात्याने केला. डिसेंबर २०११मध्ये ३३.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. प्रचारात ज्यांना कर्जबुडवे म्हटले गेले त्यांच्यातले अनेक जण या कर्जदारांत होते, पण तोवर निवडणूक होऊन तीन वर्षे लोटली होती.

सप्टेंबर २००८मध्ये बँकांना वाचवण्यासाठी अर्थमंत्री हेन्री पॉलसन यांनी ७०,००० कोटी डॉलर मागितले. त्यांचा पहिला मसुदा अवघ्या तीन पानांचा होता. प्रतिनिधिगृहाच्या सर्व ४३५ जागांची निवडणूकही ४ नोव्हेंबरलाच होती आणि मतदारसंघांतून सभासदांकडे विरोधाचे फोन आणि ईमेल अखंड येत होते. २९ सप्टेंबरला विधेयक २०५ विरुद्ध २२८ मतांनी पडले. बुश यांच्याच पक्षाच्या १३३ सभासदांनी विरोधात मत दिले, ६५ जणांनी बाजूने. डेमोक्रॅटांत १४० बाजूने आणि ९५ विरोधात होते. मतदानाआधीच्या भाषणात सभापती नॅन्सी पलोसी यांनी बुश यांच्या धोरणावर टीका केली, त्यामुळे आपली मते फुटली असे रिपब्लिकन नेते म्हणाले. डाऊ जोन्स निर्देशांक त्या दिवशी ७७७ अंकांनी कोसळला आणि शेअरबाजारातले सुमारे १.२ लाख कोटी डॉलर एका दिवसात गेले. त्यात निवृत्तीसाठी साठवलेला पैसाही होता. सुधारित विधेयक सिनेटमध्ये ७४ विरुद्ध २५ मतांनी आणि ३ ऑक्टोबरला प्रतिनिधिगृहात २६३ विरुद्ध १७१ मतांनी मंजूर झाले. बुश यांनी त्याच दिवशी सही केली.

२३ ऑक्टोबरला ग्रीनस्पॅन प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे आले. कर्ज देणाऱ्या संस्था स्वतःच्या भागधारकांचे हित तरी जपतील, या आपल्या विश्वासात चूक निघाली, असे त्यांनी कबूल केले. ज्यांच्या हाती खरोखर अधिकार होता अशा माणसाने आपल्या विचारातली चूक जाहीरपणे मान्य केल्याचा या सगळ्या काळातला हा दुर्मीळ प्रसंग. ४ नोव्हेंबरला ओबामांना निर्वाचक मंडळाची ३६५ मते मिळाली, मॅकेन यांना १७३. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांतील सहा दशांशांहून अधिक लोकांनी अर्थव्यवस्था हाच सर्वांत मोठा प्रश्न असल्याचे सांगितले.

दोष कोणाचा हे ठरवण्यासाठी २००९मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, दहा सदस्यांचा आयोग नेमला. त्यातले सहा डेमोक्रॅटांनी निवडलेले, चार रिपब्लिकनांनी. जानेवारी २०११मध्ये अहवाल आला तो तीन मतांचा. फिल अँजेलिडिस यांच्या अध्यक्षतेखालील सहा जणांनी संकट टाळता आले असते असे म्हणत देखरेखीतील ढिलाई आणि वॉल स्ट्रीटचा बेफिकीर कारभार यांवर ठपका ठेवला. तीन रिपब्लिकन सदस्यांनी अनेक देशांत एकाच वेळी फुगलेल्या कर्जाकडे लक्ष वेधले. त्यांच्यात मॅकेन यांचे आर्थिक सल्लागार राहिलेले डग्लस होल्ट्झ-ईकिन होते. उरलेले पीटर वॉलिसन यांनी एकट्याने सरकारी गृहधोरणाला जबाबदार धरले. २००८च्या सभांमधली मांडणी त्या दफ्तरात जशीच्या तशी नोंदली गेली.

अहवाल येण्याआधीच मतदारांनी दुसरा निवाडा दिला होता. मे २०१०मध्ये युटाचे रिपब्लिकन सिनेटर बॉब बेनेट यांना त्यांच्याच पक्षाच्या अधिवेशनात उमेदवारी नाकारली गेली. बँकांच्या मदतीला त्यांनी दिलेले मत हे त्याचे मोठे कारण होते. जुलै २०१०मध्ये प्यू संस्थेने ही मदत कोणाच्या काळात मंजूर झाली असे विचारले, तेव्हा ४७ टक्के लोकांनी ओबामांचे नाव घेतले आणि ३४ टक्क्यांनी बुश यांचे. बुश यांनी सही केली तेव्हा ओबामांच्या शपथविधीला साडेतीन महिने अवकाश होता. नोव्हेंबर २०१०मध्ये रिपब्लिकनांनी प्रतिनिधिगृहात ६३ जागा जास्त मिळवल्या. त्या वर्षी जप्तीची नोटीस लागलेल्या घरांची संख्या सुमारे २९ लाख होती, २००८पेक्षाही जास्त.