झोपलेला मोडेम आणि अर्ध्यात सोडलेली आज्ञा

शेतातील पंप मोबाईलवरून चालू-बंद करणारा स्टार्टर असो, ट्रकचा ठावठिकाणा कळवणारे उपकरण असो की नव्या धाटणीचा वीजमीटर, या सर्वांच्या पेटीत दोन भाग असतात: टॉवरशी रेडिओलहरींनी संपर्क ठेवणारा मोडेम आणि त्याला आज्ञा देणारा छोटा संगणक, म्हणजे नियंत्रक. या दोघांचे संभाषण आजही बहुधा ज्या मजकुरी आज्ञांतून चालते, त्यांचे मूळ डेनिस हेज यांच्या कंपनीने १९८१ साली अमेरिकेत आणलेल्या ‘स्मार्टमोडेम’मध्ये आहे. प्रत्येक आज्ञेच्या आरंभी ‘ए’ आणि ‘टी’ ही ‘अटेन्शन’ या शब्दातील पहिली दोन रोमन अक्षरे येतात, म्हणून त्यांना एटी आज्ञा म्हणतात. पुढे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या व्ही.२५० या शिफारशीने त्यांचे सर्वसाधारण नियम ठरवले आणि मोबाईलसाठी थ्रीजीपीपी या संस्थेने त्यांत भर घातली.

या भाषेचा मूळ करार असा, की एका आज्ञेला एकच अंतिम उत्तर मिळते, बहुधा ‘ओके’ किंवा ‘एरर’. त्या उत्तरावर ते कोणत्या आज्ञेचे आहे याची कसलीही खूण नसते, त्यामुळे सारा हिशेब केवळ क्रमावर चालतो आणि क्रम एकदा चुकला की पुढची प्रत्येक नोंद एका घराने सरकते. परिसरात कोणकोणत्या कंपन्यांचे जाळे मिळते हे विचारणारी ‘एटी+सीओपीएस=?’ ही आज्ञा घेतली, तर मोडेमला एकेक वारंवारता तपासत जावे लागते आणि अनेक मोडेमांच्या माहितीपुस्तिका या कामासाठी तीन मिनिटांपर्यंतची मुदत देतात. अर्ध्या मिनिटात धीर सुटलेल्या नियंत्रकाने ‘उत्तर नाही’ असे ठरवून सिग्नलची तीव्रता विचारणारी ‘एटी+सीएसक्यू’ ही पुढची आज्ञा धाडली, तर जुन्या शोधाचे उशिरा आलेले ‘ओके’ नव्या प्रश्नाचे उत्तर म्हणून नोंदले जाण्याचा धोका असतो.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. व्ही.२५० नुसार डायल करण्यासारख्या काही आज्ञा मध्येच थांबवता येतात आणि त्यासाठी नियंत्रकाकडून आलेले कोणतेही एक अक्षर पुरते. आज्ञा संपवणाऱ्या चिन्हानंतरच्या पहिल्या १२५ मिलिसेकंदांत आलेली अक्षरे तेवढी दुर्लक्षिली जातात, कारण त्या चिन्हामागून नव्या ओळीचे चिन्ह पाठवण्याची पुष्कळ यंत्रांना सवय असते. म्हणजे घाईने पाठवलेल्या आज्ञेचे पहिलेच अक्षर आधीचे काम मोडू शकते. शिवाय रद्द केलेल्या आज्ञेचेही अंतिम उत्तर येतेच, आणि त्याची वाट पाहावीच लागते. इंटेल आणि नोकिया यांनी २००९ मध्ये जाहीर केलेल्या ‘ओफोनो’ या मुक्त प्रणालीने म्हणूनच शहाणपणाची वाट धरली आहे: रद्द करायची आज्ञा अजून रांगेत असेल तर ती काढून टाकली जाते, पण मोडेमकडे गेली असेल तर तिची जागा तशीच राखली जाते आणि उत्तर आल्यावर ते कोणालाही न कळवता सोडून दिले जाते.

मोडेम झोपलेला असेल तर गुंता वाढतो. वीज वाचवण्यासाठी मोडेम काही काळाच्या शांततेनंतर नियंत्रकाशी जोडलेल्या तारेवरील घड्याळ थांबवतो. पहिल्या अक्षराच्या धक्क्याने ते घड्याळ पुन्हा सुरू होते खरे, पण ते अक्षर वाचले जात नाही. ‘एटी’मधील ‘ए’ असा गळाला की उरलेल्या ओळीला अर्थ राहत नाही. यावरचा रूढ उपाय म्हणजे आधी नुसते ‘एटी’ पाठवणे, थोडे थांबणे, उत्तर न आल्यास पुन्हा पाठवणे आणि जाग आल्यावरच खरी आज्ञा देणे. मात्र दोनतीनदा हाक मारली तर ‘ओके’ही दोनतीनदा येऊ शकते आणि ती उत्तरे संपेपर्यंत थांबावे लागते. अँड्रॉइडच्या नमुना प्रणालीत मोडेमशी पहिली ओळख करून घेताना २५० मिलिसेकंदांच्या मुदतीने आठ वेळा प्रयत्न करण्याची आणि यश आल्यावर अशी बेवारशी उत्तरे ओसरावीत म्हणून तेवढाच वेळ थांबण्याची तरतूद आहे.

जागे करणारे अक्षर आणि काम मोडणारे अक्षर मोडेमला वेगळे ओळखता येत नाही, हीच या विषयाची खरी अडचण आहे. म्हणून एकही आज्ञा प्रलंबित नसताना आणि ठरावीक शांतता उलटून गेल्यावरच हाक मारावी. बहुतेक मोडेमांना असलेली डीटीआर ही वेगळी तार जोडून घेतली तर एकही अक्षर न पाठवता मोडेम जागा करता येतो, आणि हा मार्ग निःसंशय अधिक चांगला आहे.

पंप सुरू झाल्याचा एसएमएस शेतकऱ्याला पाठवणाऱ्या स्टार्टरच्या बाबतीत ही काळजी विशेष महत्त्वाची ठरते, कारण हाकेचे ‘ओके’ संदेशाच्या खात्यावर नोंदले गेले तर स्टार्टर संदेश गेल्याचे समजून गप्प बसतो. ही चूक पकडण्याची सोय आज्ञासंचातच आहे: जाळ्याने संदेश स्वीकारला असेल तर मोडेम ‘ओके’च्या आधी ‘+सीएमजीएस’ अशी खूण आणि संदेशाचा क्रमांक पाठवतो, तेव्हा नुसते ‘ओके’ आले तर संदेश गेला असे धरू नये.