खडकातील बेडूक

अंधेरी स्थानकाच्या पश्चिमेस, दाट वस्तीच्या मधोमध, काळ्या पाषाणाचा एक उंच सुळका उभा आहे. त्यास गिल्बर्ट टेकडी असे म्हणतात. तिची उंची सुमारे 200 फूट आहे. माथ्यावर गावदेवीचे मंदिर असून तेथे जाण्यास पायऱ्या आहेत. दुरून पाहिले असता पाषाणाचे शेकडो खांब एकमेकांना खेटून उभे आहेत, असा भास होतो. हे खांब कोणा शिल्पकाराने घडविलेले नाहीत. सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वी तप्त शिलारस भूपृष्ठाच्या भेगांत शिरला व तेथेच निवत गेला. निवताना तो आकसला, त्यास उभ्या चिरा पडल्या आणि हे खांब तयार झाले. पुढे भोवतालचा मऊ खडक झिजून गेला आणि कठीण सुळका तेवढा उभा राहिला.

पश्चिम भारतात एके काळी जो अग्निप्रलय झाला, त्याच्या अखेरच्या काळातील ही खूण होय. त्या प्रलयात जमिनीच्या भेगांतून शिलारसाचे लोट पुनःपुन्हा बाहेर पडले. त्यांचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार बनले. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे.

अशा आगीच्या राज्यात जीवसृष्टी टिकली असेल काय? या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्याच खडकांनी दिले आहे, आणि तेही एका चिमुकल्या बेडकाच्या मुखाने!

शिलारसाचे लोट अखंड वाहत नव्हते. दोन उद्रेकांच्या दरम्यान दीर्घ काळ शांततेचा जाई. त्या काळात पाणी साचून उथळ तळी बनत, काठी वनस्पती रुजत आणि पाण्यात प्राणी नांदू लागत. तळ्याच्या तळाशी बारीक गाळाचे पापुद्रे साठत. पुढे नवा शिलारस येई आणि हा गाळ त्याखाली गाडला जाई. काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये असा गाळाचा खडक आढळतो. मलबार टेकडी व वरळी येथे तो सापडला; अंधेरीच्या शेजारी आंबोलीच्या दगडखाणीतही त्याचे थर उघडे पडले.

वरळीच्या टेकडीतील या खडकाचे पापुद्रे सुटे केले असता त्यांच्यावर बेडकांचे सांगाडे दिसून आले. बेडकाची हाडे अतिशय नाजूक असतात. वाहत्या पाण्यात ती विखुरतात आणि उघड्यावर लवकर नष्ट होतात. परंतु येथे ती संथ पाण्याखालच्या मऊ गाळात पडली. गाळाचा दगड झाला आणि हाडे त्यात जशीच्या तशी राहिली. अशा अवशेषांना जीवाश्म म्हणतात.

इ. स. 1847 मध्ये रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने या बेडकाचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘डायनोसॉर’ हा शब्द ज्याने रूढ केला, तोच हा ओवेन. त्याने या बेडकास ‘राना पुसिला’ असे नाव दिले. ‘पुसिला’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘अगदी लहान’ असा आहे. 1869 मध्ये स्टोलिच्का या भूशास्त्रज्ञाने तो वेगळ्या प्रजातीत घातला. पुढे 1930 मध्ये न्यूयॉर्कच्या संग्रहालयातील नोबल या शास्त्रज्ञाने सांगाडे पुन्हा तपासले. हा बेडूक कोणत्याही ज्ञात प्रजातीत बसत नाही, असे त्याच्या ध्यानी आले. म्हणून त्याने ‘इंडोबॅट्रॅकस’, म्हणजे ‘भारतीय बेडूक’, ही नवी प्रजाती स्थापिली. ही प्रजाती आता पृथ्वीवर उरलेली नाही.

नाव दोनदा बदलले, हे पाहून कोणी हसेल. परंतु प्राण्याचे शास्त्रीय नाव म्हणजे त्याच्या कुळाची ओळख होय. नवा पुरावा मिळताच जुनी ओळख दुरुस्त करणे यातच शास्त्राचा प्रामाणिकपणा आहे.

नोबलला आणखी एक आश्चर्य आढळले. या बेडकाचे साम्य ऑस्ट्रेलियातील बेडकांशी होते. बेडकाची त्वचा पातळ असते व खारे पाणी त्यास मानवत नाही. मग मध्ये एवढा महासागर असताना हे नाते जुळले कसे? आज याचे उत्तर देता येते. प्राचीन काळी भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया हे भूभाग गोंडवन नावाच्या एकाच महाखंडात जोडलेले होते. ते खंड दुभंगले आणि भारताचा तुकडा आपले प्राणी घेऊन उत्तरेकडे सरकत गेला. बेडकाने समुद्र ओलांडला नाही. जमीनच त्याला घेऊन निघाली! इंडोबॅट्रॅकसच्या नेमक्या कुळाविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तथापि 2003 मध्ये सह्याद्रीच्या दक्षिण भागातील एका जांभळ्या बेडकाची ओळख जगास झाली. त्याचे जवळचे नातलग हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर आहेत. त्यामुळे भूभागांच्या या प्रवासास जिवंत साक्षीदार लाभला.

वरळी व मलबार टेकडीचा परिसर आता इमारतींनी व्यापला आहे. गिल्बर्ट टेकडीही भोवतालच्या दगडखाणींमुळे पुष्कळ लहान झाली; 2007 मध्ये महानगरपालिकेने तिला वारसास्थळ ठरविले. ग्रंथ जळाला तर त्याची दुसरी प्रत मिळू शकते, परंतु फोडलेल्या खडकाची दुसरी प्रत नसते. म्हणून दगड फोडण्यापूर्वी क्षणभर तो वाचून पाहावा. बोटभर बेडकाच्या सांगाड्याने खंडांच्या प्रवासाची कथा सांगितली. अशा आणखी किती कथा पाषाणात मिटून पडल्या असतील!