विंचू चावला, डॉक्टर फोनवर

पाचट उचलताना लाल विंचू डसला, दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले, तर मोबाइलवर डॉक्टर गाठून भागेल काय? घाटाखाली महाडकडे डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९७० च्या दशकात बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात असे रोगी पाहिले. पुढे प्राझोसिनच्या गोळीने मृत्यू खूप घटले. गोळी आरोग्य केंद्रात असली, तर दूरचा तज्ज्ञ तिथल्या डॉक्टरला फोनवर सल्ला देईल. गोळी काही फोनमधून येत नाही!

ई-संजीवनीवर खोकला-रक्तदाबाचा सल्ला फुकट मिळतो, एसटीचे भाडे वाचते, हे खरे. पण जुलै २०२१ मध्ये महाड बुडाले तेव्हा वीज गेली, फोनही गेले. पोलादपूरच्या कित्येक डोंगरवाड्यांत रेंज एरवीही धड नसते. तेव्हा विंचू डसला की आधी गाडी काढा, फोन वाटेत लावा.